पिवळा थर

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलेली माणसं रांगेत उभी राहतात, अंग चोरून अरुंद वाटेनं खाली गाभाऱ्यात उतरतात आणि बाहेर आल्यावर देवळामागचा नंदी दाखवून नामदेवांसाठी फिरलेल्या देवळाची गोष्ट मुलांना सांगतात. माझं लहानपणापासून उलटं. दर्शन पाच मिनिटांत, आणि तासभर जोत्याभोवती प्रदक्षिणा. जोत्यावर शिपाई कोरलेत, प्रत्येकाचा पवित्रा निराळा. सावकाश बघत गेलं की कुठेतरी हात बदलल्यासारखा वाटतो. शिखराकडे मान वर केली तर सगळं कामच बदललेलं: खाली यादवकाळातला काळा दगड, वर पुष्कळ नंतरचं बांधकाम. एवढे हात लागले, आणि नाव एकाचंही नाही.

नाव आहे ते हेमाद्रीचं. अशा देवळांना आपण सर्रास हेमाडपंती म्हणतो. पण हेमाद्री पंडित हा यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दप्तर सांभाळणारा मोठा अधिकारी. छिन्नी त्यानं हातात धरली असेल असं मला वाटत नाही. (याच हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीला नेमकी उलटी तऱ्हा. तिथे नामदेवांचं एकच नाव, आणि त्या नाममुद्रेखाली पुढच्या काळातल्या इतरांनीही रचना केल्या. कोणता अभंग कोणत्या नाम्याचा, हा वाद अभ्यासकांना अजून पुरतोय.)

औंढ्याहून माझं डोकं अजिंठ्याकडे गेलं ते वाशिममुळे. हिंगोलीच्या उत्तरेला लागूनच असलेलं वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. तिथे 1939 साली सापडलेल्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात नांदीकडाचा, म्हणजे नांदेडचा, उल्लेख आहे. वाशिम आणि नांदेड यांच्या मधे आमचीच गावं. याच घराण्यातला हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करत होता, आणि त्याच्या काळात अजिंठ्याची बहुतेक थोरली लेणी झाली. सोळाव्या लेण्यातला शिलालेख सांगतो की ते हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं संघाला दिलं. सव्विसाव्यात भिक्षू बुद्धभद्राचं नाव आहे. देणारे असे नावानिशी कोरलेले आहेत. रंग कोणी लावला, त्याबद्दल या लेखांत अक्षर नाही. पुन्हा मंत्रीच!

अजिंठ्याच्या नकलांचा विषय निघाला की मराठी माणूस रॉबर्ट गिल आणि पारोच्या प्रेमकथेपाशी थांबतो. महानोरांची कविता आहे, सिनेमा आहे, तेव्हा मी पुन्हा सांगत नाही. एवढंच, की 1844 पासून गिलनं वर्षानुवर्षं खपून केलेल्या तैलचित्रांतली जवळजवळ सगळी 1866 च्या डिसेंबरात लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. माझं कुतूहल आहे ते त्यानंतर आलेल्यांविषयी. त्यांच्यावर कुणी कविता केलेली माझ्या पाहण्यात नाही.

गिलची चित्रं जळाली म्हणून 1872 मध्ये सरकारनं तेच काम मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सकडे दिलं. त्यानं विद्यार्थी बरोबर घेतले. मधे खंड पडत पडत हे 1885 पर्यंत, तेरा वर्षं चाललं आणि सुमारे तीनशे चित्रं तयार झाली. सगळ्यात मोठी तीन मीटर बाय सहा मीटरची, म्हणजे आपल्याकडच्या बैठकीच्या खोलीची अख्खी भिंत. लेण्यात उजेडाची मारामार, भिंतीवर काजळी, जागोजाग पोपडे. अशा भिंतीसमोर कापड ताणून तेलरंगात तीच रेघ पुन्हा काढायची. शिवाय आपली रेघ शेजारच्या गड्याच्या रेघेहून वेगळी दिसता कामा नये! चित्रकलेच्या शाळेत हात ओळखीचा व्हावा म्हणून मुलं धडपडतात. इथे हात लपवायला शिकायचं होतं. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कोरीव सजावटीतही याच शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. रोज लाखो लोक त्याखालून लोकल पकडतात.

या मंडळींपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे नावाला आला. जन्म 1851 चा, म्हणजे काम सुरू झालं तेव्हा जेमतेम एकविशीचा. नंतर पारशी घरांतली माणसं रंगवणारा चित्रकार म्हणून त्याची ओळख झाली. दुसरं एक नाव लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या नोंदीत भेटतं: जगन्नाथ अनंत. मुलाचं नाव, बापाचं नाव, आणि पुढे काही नाही. आडनाव नसल्यामुळे तो आपल्यापैकी कुणाचाही पणजोबा असू शकतो. हे नाव वाचलं त्या दिवशी मी औंढ्याच्या शिपायांनाही मनातल्या मनात बापासकट नावं देऊन पाहिली.

अजिंठ्याची ही चित्रं लंडनमधल्या साउथ केन्सिंग्टनला गेली, काही तिथल्या दालनांत लागली. 1885 मध्ये तिथेही आग लागली आणि त्यात बरीच जळाली. गिलची वाचलेली आणि ही, दोन्ही मिळून आज 166 उरली आहेत. 1955 नंतर ती कायमच्या मांडणीत नाहीत. 1896-97 मध्ये अजिंठ्याच्या चित्रांवरचे दोन जाडजूड खंड निघाले, त्यांवर लेखक म्हणून नाव जॉन ग्रिफिथ्स. हेमाद्री, वराहदेव आणि आता हे मास्तर! ग्रिफिथ्सनं कष्ट केले नाहीत असं नाही. पण पोरांच्या तेरा वर्षांच्या मानानं हा हिशेब मला पटत नाही.

नावं अशी हरवणं टाळता येण्यासारखं होतं. 1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅम नकला करायला आल्या तेव्हा नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांच्याबरोबर हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन होते. हे दोघे आमच्याच संस्थानातले म्हणायचे. हिंगोली तेव्हा निजामाकडे. त्यांची नावं टिकली.

ग्रिफिथ्सच्या चमूची एक खूण मात्र अजिंठ्यात राहिली. अंधारात मूळ चित्र नीट दिसावं म्हणून त्यांनी भिंतींवर स्वस्तातलं व्हार्निश फासलं. ते पिवळं पडलं, त्यावर धूळ बसली, खालचा रंग त्याच्याबरोबर सुटू लागला. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ पुढे भिंतींवरचे असे थर बोटभर बोटभर उतरवत बसले. नेमका कोणता फटकारा जगन्नाथचा होता आणि कोणता पेस्तनजीचा, हे त्या कापसाच्या बोळ्याला कळण्याचं कारण नव्हतं.