पाकिटावर दोन ओळी हव्यात

औषधाने अपाय झाल्याची चर्चा निघाली की बोट आधी डॉक्टरांच्या अक्षराकडे जाते. ते गैर नाही. औषधाचे जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा, असे भारतीय वैद्यक परिषदेला २०१६ साली नियमात दुरुस्ती करून सांगावे लागले. आता अनेक दवाखान्यांतून छापील चिठ्ठ्या मिळतात. पण त्यांवरही ‘बीडी’, ‘टीडीएस’, ‘एसओएस’ हेच संकेत असतात. नाव स्वच्छ वाचता आले, दुकानातून गोळीही बरोबर मिळाली, तरी ती कशी घ्यायची हे घरी गेल्यावर कोणालाच नक्की सांगता येत नाही. डॉक्टरांचे काम संपते आणि रुग्णाचे सुरू होते, त्या मधल्या जागी फार्मासिस्ट उभा असतो. त्याने प्रत्येक पाकिटावर रुग्णाच्या भाषेत दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत: औषध कशासाठी, आणि किती, केव्हा, कसे घ्यायचे. हा सौजन्याचा भाग नाही, औषध देण्याच्या कामाचाच भाग आहे.

मेथोट्रेक्सेटचे उदाहरण घ्या. आमवात आणि सोरायसिसवर हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या रोज घेणाऱ्या माणसाच्या पाकिटांत हे एक पाकीट जाऊन पडते आणि हात सवयीने रोज त्याच्याकडेही जातो. बरोबर फॉलिक अॅसिड दिलेले असते; तीही अनेकदा तशीच लहान, पिवळी गोळी. मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेले तर तोंड सोलवटते, अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे मंदावते, पांढऱ्या पेशी घटून जंतुसंसर्ग बळावतो आणि माणूस दगावूही शकतो. अशा मृत्यूंची नोंद अनेक देशांत झालेली आहे. यात डॉक्टरांचे निदान चुकलेले नसते, गोळीही बनावट नसते. पाकिटावर ‘आमवातासाठी. फक्त दर सोमवारी. इतर दिवशी घेऊ नये’ एवढे असते, तर घरातल्या शाळकरी मुलानेही चूक पकडली असती. त्यातला ‘आमवातासाठी’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. कारण कळले की रुग्ण स्वतः तपासू लागतो, आणि भलतेच औषध हातात आले तर त्याला शंका येते.

मुलांच्या औषधांत हा धोका आकड्यांतच दिसतो. पॅरासिटामॉलचे थेंब बहुधा १ मिलीला १०० मिलिग्रॅम असतात. साध्या सिरपमध्ये ५ मिलीला १२० मिलिग्रॅम. म्हणजे थेंब चौपटीहून तीव्र. किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने १० किलोच्या बाळाला एका वेळी १५० मिलिग्रॅम लागते: थेंब असतील तर दीड मिली, सिरप असेल तर सव्वासहा. मागच्या वेळचा सिरपचा अंदाज लावून कोणी थेंबांची बाटली ओतली, तर सहाशेच्या वर मिलिग्रॅम जाते. त्यात घरातले चमचे कधी एका मापाचे नसतात. तेव्हा ‘एक चमचा’ हा शब्द पाकिटावर नकोच, मिलीच हवे आणि सोबत मापाचे टोपण. इन्शुलिनचेही तसेच. आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक कुप्यांत मिलीला ४० युनिट असतात, पेनच्या काडतुसात १००. शंभरच्या इन्शुलिनला चाळीसची सिरिंज वापरली तर अडीचपट डोस जातो आणि रक्तातली साखर धोकादायक उतरते. कुपी आणि सिरिंज एकाच काउंटरवरून जातात. दोन्हींवरचा आकडा जुळवून पाहायला तीस सेकंदही लागत नाहीत.

हे काम फार्मासिस्टवर नव्याने लादायचे आहे असेही नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टकडे सोपवले, आणि २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत चिठ्ठी तपासणे, रुग्णाला समजावून सांगणे हे त्याचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. प्रत्यक्षात भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे असते आणि पट्टी कापून देणारा हात दुसऱ्याचा. कात्रीने पट्टीचे चार गोळ्यांचे तुकडे केले की औषधाचे नाव एका तुकड्यावर राहते, मुदत दुसऱ्यावर. घरच्या डब्यात मग बिननावाच्या गोळ्या साठतात.

‘डॉक्टरांनी सांगितलेलेच असते, पुन्हा कशाला?’ असे विचारले जाते. पण आजाराचे नाव ऐकून घाबरलेल्या माणसाला तपासणीच्या खोलीतल्या सूचना कितपत लक्षात राहणार? फार्मासिस्टने बोलणे म्हणजे डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ, हा दुसरा आक्षेप. डोस बदलणे त्याचे काम नाही, हे मान्यच आहे. पण ‘मेथोट्रेक्सेट रोज लिहिले आहे, आठवड्यातून एकदा म्हणायचे होते का?’ असा फोन करणे त्याचेच काम आहे, आणि डॉक्टरांनी तो रागाने न घेणे हे त्यांचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना लिहून काय उपयोग, हेही रास्त आहे. त्यांच्यासाठी पाकिटावर सूर्य-चंद्राची चित्रे काढावीत आणि ‘घरी गेल्यावर कसे घेणार, मला सांगा बरे’ असे विचारून त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे. ‘समजले ना?’ या प्रश्नाला सगळेच मान हलवतात. सर्वांत खरा आक्षेप गर्दीचा आहे. संध्याकाळी सातला पंधरा माणसे ताटकळत असताना कोण लिहीत बसेल? प्रत्येकाला तेवढाच वेळ द्यावा, असे मी म्हणत नाही. नेहमीच्या गोळ्यांसाठी छापील चिकटपट्टी पुरे. बिल काढणाऱ्या संगणकातून तीही निघू शकते. पण लहान मुलांची औषधे, इन्शुलिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मेथोट्रेक्सेट आणि पहिल्यांदाच सुरू झालेले कोणतेही औषध, इथे मागच्या माणसांना दोन मिनिटे थांबावे लागले तरी चालेल. सुरुवात अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीपासून करता येईल: निरीक्षकाने परवाना आणि बिलांच्या जोडीने, नुकत्याच औषध घेऊन निघालेल्या दहा जणांची पाकिटे उघडून पाहावीत.