कॉम्प्युटरची वायर बदलताना

कॉम्प्युटरची वायर खराब झाली की सीफमधल्या आपल्या घरांत दोन उपाय चटकन सुचतात. गावाहून आणलेल्या सामानातली जुनी वायर जोडायची, नाहीतर दुकानात मिळेल ती स्वस्तातली आणायची. वाचकहो, दोन्हींत घाई नको. वायरीचे कॉम्प्युटरकडचे तोंड बहुतेक सगळीकडे सारखेच असते, म्हणून कुठलीही वायर बसते. पण बसली म्हणजे ती योग्य, असे मुळीच नाही. खरा फरक भिंतीच्या बाजूला आहे.

भारतात व बहारीनमध्ये विजेचा दाब सारखाच, २३० व्होल्ट. मात्र आपल्याकडचा प्लग गोल पिनांचा, तर इथला ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी पिनांचा. त्याची वरची लांब पिन अर्थिंगची. ती आत गेली म्हणजेच सॉकेटातले पडदे उघडतात. काही जण पेनाने हे पडदे उघडून दोन पिनांचा प्लग दाबून बसवतात. असे कधीही करू नये. अर्थिंग नसेल तर कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात. आत काही बिघाड झाला तर त्याच पत्र्यात पूर्ण वीज उतरू शकते. घरात लहान मुले असली तर विचारायलाच नको.

इथल्या प्लगमध्ये फ्यूज असतो. तो कॉम्प्युटरचे नव्हे, वायरीचे रक्षण करतो. म्हणून वायर बारीक आणि फ्यूज मोठा, अशी जोडी धोक्याची. चारशे वॉट घेणाऱ्या कॉम्प्युटरला दोन अँपिअरसुद्धा लागत नाहीत. पाऊण चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीला ५ अँपिअरचा फ्यूज पुरेसा आहे. तिथे १३ चा घालू नये.

विकत घेताना एवढे पाहावे :

१. प्लगवर ‘बीएस १३६३’ व फ्यूजवर ‘बीएस १३६२’ असे छापलेले असावे.

२. वायरीच्या अंगावर तिची जाडी लिहिलेली असावी. काहीच लिहिले नसेल तर ती परत ठेवावी.

३. खालच्या दोन पिनांच्या मुळाशी प्लॅस्टिकचे आवरण असते. अर्थिंगच्या पिनेला ते नसते. तिलाही असेल तर माल नकली समजावा, कारण त्या आवरणामुळे अर्थिंग नीट जुळत नाही.

४. प्लगवर १२५ व्होल्ट लिहिलेली अमेरिकेची वायर इथे वापरू नये.

तुटलेली वायर चिकटपट्टीने जोडू नये. प्लग बदलायचाच झाला तर आजच्या रंगांप्रमाणे तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग. भारतातल्या जुन्या वायरींत तांबडी, काळी व हिरवी असत. तिथे गल्लत होऊ देऊ नये.

नवी वायर लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहावा. तो गरम लागला तर भिंतीवरचे बटण बंद करून वायर काढावी आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे.