वस्तूची परीक्षा करणाऱ्यास पैसे द्यावेत काय?

ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार, कुर्ल्यातील बॅगांचे कारखाने, गोवंडीच्या बैंगनवाडीतील जरीकामाचे अड्डे, अंधेरी-घाटकोपरची कपड्यांची व खाण्यापिण्याची दुकाने. उपनगरातील या सर्व ठिकाणी गेल्या काही वर्षांत एक नवा पाहुणा येऊ लागला आहे. हातात मोबाईल, कॉलरला छोटा माईक, सोबत एखादा मित्र. तो वस्तू उलटसुलट करून पाहतो, भाव विचारतो, दुकानदाराला चार वाक्ये बोलायला लावतो आणि एकदोन दिवसांत ते सर्व यूट्यूबवर किंवा इन्स्टाग्रामवर चढलेले असते. व्हिडिओ चालला तर विरार आणि कल्याणहून गिऱ्हाईक पत्ता विचारीत येते. व्यापाऱ्यास याहून अधिक काय हवे? परंतु कॅमेरा सुरू होण्यापूर्वी किंवा बंद झाल्यावर एक विषय निघतोच. पैशाचे कसे?

या प्रश्नावर व्यापारी बांधवांत सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, आम्ही वर्तमानपत्रास जाहिरातीचे पैसे देत होतो, केबलवाल्यास देत होतो, आता यास देऊ; त्यात वावगे ते काय? दुसरा म्हणतो, ज्याने पैसे घेतले तो परीक्षक कसला, तो तर विकत घेतलेला साक्षीदार. आमच्या मते दोघेही अर्धेच बरोबर आहेत, कारण दोघे दोन निरनिराळ्या गोष्टींच्या किमतीविषयी बोलत आहेत. पहिला मेहनतीच्या मोबदल्याविषयी बोलतो, दुसरा मताच्या.

मेहनत तर असतेच. बोरिवलीहून कुर्ल्यास येणे, दोन-तीन तास चित्रण करणे, घरी जाऊन कापाकापी करणे, आवाज भरणे हे काम आहे आणि कामाची मजुरी बुडवणे कोणत्याही बाजारात शोभत नाही. यूट्यूबकडून जाहिरातीचा वाटा मिळतो हे खरे, पण त्यासाठी आधी किमान एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तासांची पाहणी जमवावी लागते (छोट्या व्हिडिओंसाठी वेगळा, याहून कठीण हिशेब आहे). पुष्कळ मुले तेथवर पोचतच नाहीत. जी पोचतात त्यांचे एक उत्पन्न जाहिरातीचे आणि दुसरे व्हिडिओखाली दिलेल्या खरेदीच्या दुव्यांचे. त्या दुव्यावरून कोणी माल घेतला की दलाली जमा होते. म्हणजे पैसा कोठून ना कोठून येतोच. प्रश्न एवढाच की तो कोठून आला, हे पाहणाऱ्यास ठाऊक आहे काय.

तेलाचा खटला

हा प्रश्न आपल्या शहराच्या उच्च न्यायालयापुढे येऊन गेला आहे. सांताक्रूझच्या कलिना भागात मुख्य कचेरी असलेल्या मॅरिको कंपनीचे पॅराशूट खोबरेल तेल घराघरात आहे. २०१८ च्या सप्टेंबरात अभिजीत भन्साळी या व्हिडिओकाराने हे तेल खरोखर शुद्ध आहे काय, असा प्रश्न करणारा व्हिडिओ टाकला. त्यात या तेलाची तुलना दुसऱ्या प्रकारच्या खोबरेल तेलाशी करून पॅराशूट कमी दर्जाचे ठरविले होते. कंपनी न्यायालयात गेली. १५ जानेवारी २०२० रोजी न्यायमूर्ती काथावाला यांनी अंतरिम आदेश देऊन तो व्हिडिओ काढावयास सांगितले. सुक्या खोबऱ्यातून काढलेले तेल आणि ओल्या खोबऱ्यातून काढलेले तेल ही दोन वेगळी उत्पादने होत, एकाचे माप दुसऱ्यास लावता येत नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा. दुसरा मुद्दा आपल्या विषयाचा आहे. ज्याच्या शब्दावर हजारो लोक विश्वास ठेवतात, त्याची जबाबदारी सामान्य माणसाहून मोठी आहे, असे न्यायालयाने म्हटले. प्रकरण खंडपीठाकडे गेले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये आक्षेपार्ह भाग बदलून व्हिडिओ ठेवण्याची मुभा मिळाली.

याच्या शेजारी दिल्ली उच्च न्यायालयाचे प्रकरण ठेवून पाहावे. सॅन न्यूट्रिशन या कंपनीच्या प्रथिन पावडरीवर काही यूट्यूबवाल्यांनी टीका केली. डब्यावर छापलेले प्रमाण आणि आतील प्रमाण जुळत नाही, असे त्यांचे म्हणणे. कंपनीने मनाई हुकूम मागितला. २८ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती अमित बन्सल यांनी अंतरिम मनाई देण्यास नकार दिला. कारण टीकाकारांपाशी प्रयोगशाळेचे अहवाल होते. कागद हातात असेल तर छोटा माणूसही मोठ्या कंपनीसमोर उभा राहू शकतो, एवढे यावरून दिसते.

आता आपल्या बाजारातील वस्तूंकडे वळू. येथे अडचण अशी की कॅमेऱ्यास वास येत नाही आणि स्पर्श कळत नाही. प्लायवूडवर सागाचे व्हिनिअर चढवून पॉलिश केलेली पाटी व्हिडिओत सागवानच दिसते. रेक्झिनची बॅग चामड्याची दिसते. मशीनवर काढलेली वेलबुट्टी आणि अड्ड्यावर चार कारीगरांनी आठ दिवस बसून भरलेली वेलबुट्टी यांतला फरक कापड उलटे केल्याशिवाय समजत नाही आणि व्हिडिओवाला कापड क्वचितच उलटे करतो. पैसे घेऊन आलेला तर मुळीच करीत नाही. याचा फटका कोणास बसतो? गिऱ्हाइकास बसतो हे उघड आहे. पण त्याहून जास्त तो अस्सल काम करणाऱ्यास बसतो. नकली माल स्वस्तात तयार होतो, त्यात पैसा उरतो, तो पैसा तारीफ विकत घेतो आणि हाताने काम करणारा कारीगर आपला भाव सांगू लागला की गिऱ्हाईक म्हणते, "व्हिडिओमध्ये तर निम्म्या किमतीत मिळतो." आमच्या दृष्टीने या सर्व वादात खरी चिंता हीच आहे. जरीकामासारख्या धंद्यात मजुरी आधीच घासून गेलेली असताना खोट्या तारिफेचा हा जादा बोजा कारीगर किती दिवस सोसणार?

तिजारतीच्या इस्लामी नियमांत या गोष्टीला फार जुने नाव आहे. घेण्याची इच्छा नसता लिलावात उगाच बोली चढविणे किंवा खोटी तारीफ करून गिऱ्हाइकास भरीस घालणे यास 'नज्श' म्हणतात आणि प्रेषितांनी (स.) त्याची मनाई केली आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला दाणा त्यांनी बाहेर काढल्याचा प्रसंग वाचकांस माहीत आहेच. दलालीस मात्र मनाई नाही. ठरलेली, उघड दलाली हा मान्य व्यवहार आहे. दलाल हा दलाल म्हणून समोर उभा असतो. नज्श करणारा गिऱ्हाइकाचा वेष घेऊन उभा असतो. पैसे घेणारा व्हिडिओवाला या दोहोंपैकी कोण, हे तो आपले नाते सांगतो की लपवितो यावरच ठरेल.

या बाबतीत वर्तमानपत्रांनीही फार ताठ मानेने बोलू नये. २००९ च्या निवडणुकांत बातमीच्या नावाखाली पैसे घेऊन मजकूर छापल्याचा बभ्रा महाराष्ट्रातही झाला आणि प्रेस कौन्सिलला २०१० मध्ये त्यावर अहवाल द्यावा लागला. मजकुराच्या डोक्यावर 'जाहिरात' हा शब्द छापण्याची जुनी रीत कंटाळवाणी असेल, पण ती कशासाठी होती हे तेव्हा सर्वांस कळले.

कायदा काय म्हणतो?

पैसे देणे बेकायदा नाही. लपविणे बेकायदा आहे. १९८५ पासून जाहिरातींवर नजर ठेवणारी ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ही संस्था मुंबईचीच. तिचे प्रभावकांविषयीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू झाले. पंधरा सेकंदांहून छोट्या व्हिडिओत जाहिरातीची खूण किमान तीन सेकंद दिसली पाहिजे, पंधरा सेकंद ते दोन मिनिटांच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ आणि त्याहून मोठा असल्यास त्या वस्तूविषयी बोलणे चालू असेतोवर. मात्र ही व्यावसायिकांनी स्वतःस घालून घेतलेली शिस्त झाली. सरकारी दंडुका वेगळा आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला व त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास आणि तारीफ करणाऱ्यास दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. तारीफ करणाऱ्यावर एक वर्षाची, नंतर तीन वर्षांपर्यंतची बंदीही येऊ शकते. जून २०२२ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वे निघाली आणि २० जानेवारी २०२३ रोजी ग्राहक व्यवहार खात्याने प्रभावकांसाठी सोप्या भाषेत पुस्तिका काढली. तिच्यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की 'पैसे' म्हणजे केवळ नोटा नव्हेत. फुकट दिलेली वस्तू, हॉटेलातील मुक्काम, प्रवासखर्च, इतकेच काय, नातेसंबंधसुद्धा उघड करावा लागतो. तेव्हा तुमचा भाचा तुमच्याच दुकानाचे परीक्षण करीत असेल तर 'हे माझे मामू' एवढे त्याने सांगून टाकावे. खूणही व्हिडिओच्याच भाषेत हवी. मराठी किंवा हिंदी व्हिडिओच्या तळाशी बारीक इंग्रजी अक्षरे टाकून सुटका होत नाही.

कराचे अंगही आहे. १ जुलै २०२२ पासून अशी तरतूद आली की धंद्याच्या संबंधात कोणास वर्षभरात वीस हजार रुपयांहून अधिक किमतीचा लाभ वस्तुरूपाने दिला, तर त्यावर दहा टक्के कर कापून भरावयाचा. व्हिडिओवाल्याने वस्तू चित्रणानंतर परत केली तर तो लाभ नव्हे. ठेवून घेतली तर लाभ. आधीच्या वर्षी धंद्याची उलाढाल एक कोटीच्या आत असलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यास या कापणीतून सूट ठेवलेली आहे, त्यामुळे बहुतेक छोट्या कारखानदारांनी घाबरण्याचे कारण नाही. मोठ्यांनी मात्र आपल्या हिशेबनिसास विचारावे.

मग करावे काय?

समजा, कुर्ल्यातील एका बॅगवाल्याने १०,००० रुपये देण्याचे ठरविले. ते कशाचे, हे आधी कागदावर यावे. कागद मोठा नको; व्हॉट्सॲपवरील स्पष्ट मजकूरही चालेल. चित्रणाचे इतके, व्हिडिओ इतके दिवस राहील, 'जाहिरात' किंवा 'सशुल्क प्रचार' हे शब्द सुरुवातीस येतील (यूट्यूबवर त्यासाठी स्वतंत्र खूणही करता येते) आणि वस्तूविषयी काय बोलावे हे आम्ही सांगणार नाही. हे शेवटचे वाक्य व्यापाऱ्यांच्या पचनी पडत नाही, याची आम्हांस कल्पना आहे. पैसे आमचे आणि दोष दाखविणार तो? परंतु अस्तर कच्चे असेल तर ते दहा हजार पाहणाऱ्यांस कळण्याआधी व्हिडिओवाल्याकडून कळलेले स्वस्त पडते. दोष दाखविल्यास व्हिडिओ टाकू नये, अशी अट तर अजिबात घालू नये. उलट मालाविषयी आपण जे सांगतो ते बिलावर लिहून द्यावे: अस्सल चामडे, की रेक्झिन, भरीव सागवान, की व्हिनिअर. बिलावर एक आणि व्हिडिओत दुसरे, असे झाले की तक्रारदाराच्या हातात आपणच पुरावा दिल्यासारखे होते.

काही जण उलट्या बाजूने येतात. पैसे किंवा फुकट माल द्या, नाहीतर वाईट व्हिडिओ टाकतो. हे परीक्षण नव्हे, खंडणी होय; भारतीय न्याय संहितेचे कलम ३०८ त्यासाठीच आहे. बोलणे फोनवर न ठेवता संदेशांतून करावे, ते जपून ठेवावेत आणि पोलीस ठाण्यात द्यावेत. मात्र प्रत्येक वाईट शेरा म्हणजे खंडणी नव्हे. गिऱ्हाईक म्हणून पैसे मोजून बॅग घेतलेल्या मुलीने महिन्यात चेन तुटल्याचे दाखविले तर चेन बदलून द्यावी आणि तेही व्हिडिओखाली लिहावे.

राहिला प्रश्न ज्यांना दहा हजार काढणे शक्यच नाही त्यांचा. आणि आपल्यात तेच जास्त आहेत. एकेकट्याने तारीफ विकत घेण्याच्या चढाओढीत ते कधीच जिंकणार नाहीत. त्यांनी त्या चढाओढीत उतरूही नये. ओशिवऱ्यातील दहा-बारा गाळेवाल्यांनी किंवा बैंगनवाडीतील तितक्याच अड्डेवाल्यांनी वर्गणी काढून एखाद्या चांगल्या व्हिडिओवाल्यास उघडपणे मजुरी द्यावी आणि त्याच्याकडून दुकानांची स्तुती न करवून घेता लाकूड कसे ओळखावे, हातकाम आणि मशीनकाम उलट्या बाजूने कसे दिसते, एका दुपट्ट्यास किती तास लागतात आणि त्या तासांची मजुरी किती होते, हे दाखवून घ्यावे. सुरुवातीस 'या व्हिडिओचा खर्च अमुक बाजारातील कारीगरांनी केला आहे' असे लिहावे. त्यात कोणत्याही एका दुकानाचे नाव नसले तरी चालेल; बाजाराचा पत्ता तेवढा असावा.