माल पोचला नाही तर भरायचं कुणी?

आजचा विषय जरा आडवळणाने सुरू करू. समोर बसलेल्या पोरांपैकी काही जण कॉम्प्युटरवर अवकाशातल्या व्यापाराचे गेम खेळत असतील. एका ठिकाणाहून माल उचलायचा, ताऱ्यांपलीकडे दुसऱ्या ठिकाणी टाकायचा, भाडं घ्यायचं. 1984 च्या 'एलिट'ने हा प्रकार गाजवला. 2003 मध्ये आलेल्या 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये तर माल पोचवण्याचा रीतसर करार होतो. देणारा सांगतो, इतक्या दिवसांत पोचव, इतकं भाडं देतो, पण आधी इतकं तारण ठेव. पोचला तर भाडं मिळतं आणि तारण परत. नाही पोचला तर तारण गेलं. वाटेत दरोडेखोरांनी यान फोडलं, हे कारण तिथे कुणी ऐकत नाही.

बिलोलीच्या माणसाला यात फारसं नवल वाटू नये. मांजरा ओलांडली की पलीकडे बोधन, म्हणजे तेलंगणा. शेजारी धर्माबादची मिरची. इथून सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा सगळं गाड्यांवरच जातं. आणि माल बुडाला तर कुणाचं बुडालं, हा वाद आपल्याकडे गेमच्या कितीतरी आधीपासून आहे. जुन्या मराठीत 'हुंडेभाडं' असा शब्द आहे. वाटेतली जकात आणि वाहतूक सगळं मिळून एकरकमी ठरवलेलं भाडं. ते ठरवणारा तो हुंडेकरी. हा शब्द आजही वाहतुकीच्या धंद्यात पाट्यांवर दिसतो, फक्त त्याचा अर्थ विचारला तर बरेच जण गडबडतात.

इंग्रजांनी 1865 मध्ये मालवाहकांचा कायदा केला. तो इतका टिकला, की त्याच्या जागी आणलेला 2007 चा रस्ते मालवाहतूक कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला 1 मार्च 2011 उजाडला. या नव्या कायद्यातली एक गोष्ट आज नीट समजून घ्या, कारण ती थेट शेतकऱ्याच्या खिशाला लागते.

समजा, तुम्ही शंभर क्विंटल सोयाबीन ट्रान्सपोर्टमार्फत पाठवलं. 2024-25 च्या हमीभावाने, म्हणजे 4,892 रुपयांनी, त्याची किंमत होते 4,89,200 रुपये. भाडं ठरलं, धरून चला, 12,000. गाडी उलटली, माल चिखलात गेला. वाहतूकदाराने किती भरायचं? आपण म्हणू, सगळं. नियम म्हणतो, भाड्याच्या दहा पटीपर्यंत. म्हणजे 1,20,000. आणि पाठवणीच्या कागदावर तुम्ही मालाची किंमत याहूनही कमी लिहिली असेल, तर तेवढीच. उरलेले 3,69,200 तुमच्या नशिबाचे.

यातून सुटका कशी? माल भरतानाच किंमत खरी लिहायची आणि जास्त जोखमीचा वेगळा दर भरायचा. मग वाहतूकदाराची जबाबदारी त्या प्रमाणात वाढते. नाहीतर मालाचा विमा उतरवायचा. पण होतं काय, बिल्टी फाडताना आपण हमाली आणि तोलाईवर अर्धा तास घासाघीस करतो आणि किमतीचा रकाना कोरा सोडतो.

एक मात्र आपल्या बाजूचं आहे. माल बुडाला, खराब झाला किंवा पोचलाच नाही म्हणून दावा लावला, तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा तुम्ही सिद्ध करायची गरज नाही. अर्थात हे सगळं रीतसर ट्रान्सपोर्ट कंपनीपुरतं. ओळखीतला टेम्पो एका फेरीला ठरवला, तर हा कायदा लागू होईलच असं नाही. तिथे 1872 चा करार कायदा बघावा लागतो.

उशिराचं काय? कागदावर ठरलेल्या मुदतीपर्यंतच्या उशिराची भरपाई भाड्याच्या रकमेपुरतीच. मुदत ओलांडली की वरचा हिशोब लागतो. मुदतच लिहिली नसेल तर भांडण तोंडी, आणि तोंडी भांडणात ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो.

इथे इंग्लंडमधला 1854 चा एक खटला सांगण्यासारखा आहे, हॅडली विरुद्ध बॅक्सेन्डेल. ग्लॉस्टरच्या एका पिठाच्या गिरणीचा दांडा मोडला. नमुना म्हणून तो कारखानदाराकडे पाठवायला वाहतूकदाराला दिला. त्याने उशीर केला, तेवढे दिवस गिरणी बंद. मालक म्हणाले, आमचा बुडालेला नफा द्या. कोर्ट म्हणालं, दुसरा दांडा नाही आणि याच्यावाचून गिरणी बंद राहणार, हे तुम्ही त्याला सांगितलं होतं का? नव्हतं. मग तो नफा मागता येणार नाही. आपल्या करार कायद्याचं 73 वं कलम याच वाटेने जातं. तेव्हा जिनिंगचा किंवा मळणीयंत्राचा पार्ट मागवताना 'हा नाही आला तर मशीन बंद' हे नुसतं मनात ठेवू नका, कागदावर आणा.

आता गेमकडे परत येऊ. तिथे काही खेळाडू एक लबाडी करतात. शंभराच्या मालाला पाचशेचं तारण ठेवायला लावतात आणि वाटेत स्वतःच दबा धरून यान फोडतात. माल गेला शंभराचा, हातात आले पाचशे! आपल्या करार कायद्याचं 74 वं कलम नेमकं इथे आडवं येतं. करारात दंडाचा आकडा लिहिला असला तरी तो कमाल मर्यादा म्हणून धरतात. कोर्ट त्याच्या आतली वाजवी भरपाई देतं. रस्त्यावरच्या वाहतूकदाराला आणखीही आडोसा आहे. दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी बंदी अशा कारणांनी माल गेला तर तो सुटू शकतो. पण वेळीच काळजी घेऊन नुकसान टाळता आलं असतं, तर नाही. मांजरेचं पाणी पुलावर दिसत असताना गाडी घातली, तर पुराकडे बोट दाखवून भागणार नाही.

सरकारी दंड वेगळाच. 50,000 च्या वरचा माल राज्याबाहेर जाताना ई-वे बिल लागतं. त्याची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस. गाडी बंद पडली तर मुदत संपायच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून घ्यावी लागते. नाही घेतली आणि गाडी अडवली, तर कराच्या दुप्पट दंड लागू शकतो. पाच लाखांच्या मिरचीवर पाच टक्क्यांनी कर 25,000, दंड 50,000. आणि तोपर्यंत ड्रायव्हर रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवून बसलेला.

पण आमच्या भागातला सगळ्यात जड दंड कुठल्याच बिल्टीवर नसतो. तो उसाचा. वाहतूकदार कारखान्याशी करार करतो, उचल घेतो, ती मुकादमाला देतो, मुकादम टोळीला. हंगाम लागला आणि टोळी आलीच नाही, तर ऊस फडात आणि वाहतूकदाराच्या दारात वसुलीवाले. इथे 74 वं कलम फारसं कामाला येत नाही, कारण ही भरपाई नव्हे, घेतलेले पैसे आहेत. ते परत द्यावेच लागतात. मग वाहतूकदार मुकादमाला धरतो, मुकादम मजुराला. गेममध्ये तारण गेलं की खेळाडू दुसरं यान घेतो. इथे तारण म्हणून ट्रॅक्टर असतो, शेत असतं, सही केलेला कोरा चेक असतो. आणि सगळ्यात खाली नवरा-बायकोची एक जोडी असते, जिला धंद्याच्या भाषेत 'एक कोयता' म्हणतात. उचल फिटली नाही म्हणून त्यांना डांबून ठेवणं, जबरीने कामाला जुंपणं 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. पैसे मागायचे तर कोर्टातून मागायचे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. ट्रान्सपोर्टवर दावा लावायचा असेल तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, 180 दिवसांच्या आत. हे दिवस माल बुकिंग केल्याच्या तारखेपासून मोजतात, नुकसान कळल्यापासून नाही. घरी कुणाची जुनी बिल्टी पडली असेल तर आज तारीख बघा. आता प्रश्न घेऊ.