आपल्यापुरतें लेखन

सेवानिवृत्त मनुष्य भेटला कीं "आतां वेळ कसा जातो?" हा प्रश्न ठरलेलाच असतो. आम्ही लिहितों, असें सांगितलें म्हणजे पाठोपाठ दुसरा येतो: "कोठें छापून येतें?" कोठेंच नाहीं, वहींतच राहतें, हें ऐकल्यावर पुसणाराच्या मुद्रेवर जी अनुकंपा दिसते, ती आम्हांस मोठी मौजेची वाटते. (प्रस्तुत लेख संपादकांच्या आग्रहास्तव छापला जात आहे, हा अपवाद समजावा.)

छापलें तेंच लेखन, ही समजूत फार जुनी नाहीं. मम्मटानें काव्यप्रकाशांत काव्याचीं सहा प्रयोजनें सांगितलीं आहेत. त्यांत कीर्ति आणि द्रव्य हीं आरंभींच येतात, हें खरें. परंतु तत्काळ लाभणारा परमानंद हेंहि एक प्रयोजन त्यानें दिलें असून, वृत्तींत त्यालाच सर्व प्रयोजनांचा मुकुटमणि म्हटलें आहे. लिहिणारा हाच आपल्या लेखनाचा पहिला वाचक असतो. मग त्या मुकुटमण्यासाठीं त्यानें छापखान्याच्या दारीं कां तिष्ठत राहावें?

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास वाचकांनीं अवश्य उघडून पाहावा. अक्षर वाटोळें व मोकळें असावें, ओळी सारख्या लागाव्या, पहिल्या अक्षरापासून शेवटल्यापर्यंत एकाच टांकानें लिहिल्यासारखें दिसावें, कडेनें जागा सोडावी, बोरू, शाई, कागद निवडून घ्यावे, असा तेथें समर्थांचा उपदेश आहे. लेखनाची बैठक कशी असावी हें यांतून जितकें कळतें, तितकें निबंधलेखनावरील आमच्या वेळच्या क्रमिक पुस्तकांतून कधीं कळलें नाहीं. आम्ही पहाटे स्नान उरकून तासभर लिहितों. विषय लहानच असतो. कालचा पाऊस, कोणा विद्यार्थ्याची भेट, एखादा अडलेला अन्वय.

सॅम्युअल पेप्स या इंग्रज अधिकाऱ्यानें १६६० ते १६६९ पर्यंत लघुलिपींत रोजनिशी लिहिली. ती प्रथम छापली गेली १८२५ सालीं. लंडनचा १६६६ मधील अग्निप्रलय इतिहासांत आहेच. पण आग जवळ येत असतां आपण बागेंत खड्डा करून मद्य आणि पनीर पुरलें, हें पेप्सच लिहूं जाणे!

असाच एक प्रलय आमच्या घरांतील एका वहींत निघाला. थोरल्या वहिनींचें वय आज त्र्याऐंशी. तीन वर्षांपूर्वीं त्यांना आम्हीं एक वही आणून दिली. "भावोजी, हें कोणास दाखवावयाचें नाहीं," या करारावर त्या लिहूं लागल्या. आमच्या घरीं दर एकादशीस रात्रीं फराळानंतर ज्याला वाटेल त्यानें आपल्या वहींतील पान वाचावें, असा प्रघात आहे. वर्षभर वहिनी नुसत्या ऐकत. मग एके दिवशीं त्यांनीं आपण होऊन चष्मा मागितला.

त्यांनीं वाचलें तें १२ जुलै १९६१ चें. पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पाणी शिरलें, तेव्हां नारायण पेठेंतील आमच्या बिऱ्हाडांत त्या नव्या सूनबाई होत्या. ओसरीवरील गाळ, भिजून फुगलेलीं पोतीं, दोन दिवस चूल नाहीं, हें सर्व आलें. त्या पुरांत वहिनींच्या पाटल्या वाहून गेल्या, असें आम्ही सर्वजण साठांहून अधिक वर्षें ऐकत आलों होतों. पाटल्या वाहून गेल्या नव्हत्या. पडलेली मागील भिंत उभारण्यास वडिलांजवळ पैसा नव्हता आणि सुनेचा दागिना त्यांनीं कदापि मोडूं दिला नसता. म्हणून वहिनींनीं त्या गुपचुप दादांच्या हातीं दिल्या, आणि दादांनीं कचेरींतून उचल घेतल्याचें वडिलांस सांगितलें. वडील गेले, दादाहि गेले. कोणालाच कधीं कळलें नाहीं.

वाचून झाल्यावर कोणी बोललें नाहीं. धाकटी सून उठून कॉफी ठेवावयास गेली. पुतण्यानें तें पान मागून घेऊन पुन्हां एकटेपणीं वाचलें. ती भिंतहि आतां उरली नाहीं. वाड्याच्या जागीं पांच मजली इमारत आहे. हा वृत्तांत वहिनींच्या अनुमतीनें येथें दिला आहे.

त्यानंतर आमच्या एकादशीला शेजारचीं दोन बिऱ्हाडेंहि येऊं लागलीं. नियम एकच: "छान, छापावयास द्या" असें कोणीं म्हणावयाचें नाहीं. तें म्हटलें कीं पुढील पान हटकून बिघडतें, हा आमचा अनुभव आहे. इंग्रजी शाळेंत शिकणारी नात ऱ्हस्वदीर्घाच्या शेंकडों चुका करीत लिहिते. आमचा हात तांबड्या शाईसाठीं शिवशिवतो, तो आम्ही पंच्याखालीं दाबून ठेवितों.

वहिनींची पहिली वही गेल्या महिन्यांत भरली. दुसरी आणावयास निघालों तेव्हां त्यांनीं एवढेंच सांगितलें, "भावोजी, या खेपेस रुंद ओळींची पाहा, डोळ्यांस दिसत नाहीं."