इ. स. १८४३ : स्कॉटिश चर्चचे विभाजन

एकोणिसाव्या शतकातील स्कॉटलंडच्या इतिहासात १८४३ या वर्षाचे महत्त्व कोणत्याही युद्धामुळे वा राज्यक्रांतीमुळे नाही. गावच्या मंडळीसाठी पाळक कोणी नेमावा, या वरकरणी किरकोळ दिसणाऱ्या प्रश्नावर त्या वर्षी राष्ट्रीय चर्च दुभंगले आणि शेकडो पाळकांनी आपल्या निर्वाहाचे साधन स्वेच्छेने सोडले.

या वादाचे मूळ १७१२ च्या कायद्यात होते. रिकाम्या जागी पाळक सुचविण्याचा हक्क त्या कायद्याने जमीनदारादी आश्रयदात्यांकडे परत गेला. मंडळीची अनुमती हा त्यानंतर बहुधा उपचारच उरला. १८३४ साली चर्चच्या महासभेने असा नियम केला की, मंडळीतील कुटुंबप्रमुखांपैकी बहुसंख्यांनी नापसंती दर्शविल्यास ती नेमणूक होऊ नये. त्याच वर्षी ऑक्टरार्डर येथे या नियमाची कसोटी लागली. तेथील ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी सुचविलेल्या उमेदवारास विरोध केला. प्रकरण न्यायालयात गेले. १८३८ मध्ये एडिंबरोच्या न्यायालयाने आणि १८३९ मध्ये लॉर्ड्‌सच्या सभागृहाने चर्चचा नियम अवैध ठरविला. यामुळे मूळचा प्रश्न अधिक व्यापक झाला. चर्चच्या आध्यात्मिक कारभारात अंतिम शब्द चर्चचा की राज्यसत्तेच्या न्यायालयाचा, असे त्याचे स्वरूप बनले.

१८ मे १८४३ रोजी एडिंबरो येथील सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये महासभा भरली. मावळते अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी राणीच्या प्रतिनिधीसमक्ष निषेधपत्र वाचले, ते मेजावर ठेवले आणि ते सभागृहाबाहेर पडले. त्यांच्या पाठोपाठ निघालेले पाळक व वडीलजन कॅननमिल्स येथील टॅनफील्ड सभागृहात जमले. तेथे टॉमस चामर्स यांची अध्यक्षपदी निवड होऊन ‘फ्री चर्च’ची स्थापना झाली. सुमारे १२०० पाळकांपैकी ४७४ जणांनी त्यागपत्रावर सह्या केल्या. त्याबरोबर वेतन, निवासस्थान आणि उपासनामंदिर या तिन्हींवरील त्यांचा हक्क संपला. कित्येक जमीनदारांनी नव्या चर्चला जागाही नाकारली. चामर्स यांनी मात्र मध्यवर्ती निधीची योजना आखली होती. संपन्न मंडळ्यांच्या वर्गणीतून दरिद्री मंडळ्यांच्या पाळकांचाही निर्वाह चालावा, हे तिचे तत्त्व होते. तत्त्वनिष्ठेला अशा व्यवहारी नियोजनाची जोड मिळाली, म्हणूनच नवे चर्च टिकून राहिले.

या घटनेची एक अनपेक्षित निष्पत्ती कलेच्या क्षेत्रात झाली. चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल यांनी या प्रसंगाचे भव्य चित्र काढण्याचे ठरविले. परंतु शेकडो चेहऱ्यांची रेखाटने करणे दुष्कर होते. शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्यांना तरुण छायाचित्रकार रॉबर्ट ॲडमसन यांचे साहाय्य घेण्यास सुचविले. कागदी ऋणप्रतीवर आधारलेल्या कॅलोटाइप पद्धतीने या दोघांनी पाळकांची आणि पुढे न्यूहेवनच्या कोळी स्त्री-पुरुषांची जी छायाचित्रे घेतली, ती छायाचित्रणाच्या इतिहासात आद्य कलाकृती गणली जातात. ॲडमसन १८४८ मध्ये निवर्तले. मूळ चित्र पूर्ण होण्यास १८६६ साल उजाडले.

विभाजनाचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. स्कॉटिश चर्चच्या भारतातील सर्व मिशनऱ्यांनी फ्री चर्चचा पक्ष स्वीकारला. त्यांत मुंबईचे डॉ. जॉन विल्सन होते; १८३२ साली त्यांनी सुरू केलेल्या शाळेतूनच पुढे विल्सन महाविद्यालय उदयास आले. मिशनच्या इमारती मूळ चर्चच्या मालकीच्या असल्याने मिशनऱ्यांना त्या सोडून नव्याने प्रारंभ करावा लागला. नागपुरास १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप हेही फ्री चर्चनेच पाठविलेले होते.

पाळक सुचविण्याचा आश्रयदात्यांचा हक्क १८७४ मध्ये कायद्याने रद्द झाला. १९२१ च्या कायद्याने आध्यात्मिक बाबींतील चर्चचे स्वातंत्र्य मान्य केले, आणि १९२९ मध्ये दुभंगलेल्या प्रवाहांपैकी बहुतांश पुन्हा एकत्र आले. १८४३ मध्ये ज्या मागण्यांसाठी पाळकांनी घरदार सोडले, त्या अखेर राज्यसत्तेनेच मान्य केल्या. परंतु तोवर तो त्याग करणारी पिढी काळाच्या पडद्याआड गेली होती.