दाढीच्या ब्रशची निगा
(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फळ्यावर लागली, तेव्हा मित्र म्हणाले, ‘कुड्याच्या लेण्यांवर लिही.’ लेणी मी पाहिली आहेत, पण त्यांच्याविषयी मला सांगण्यासारखे काही ठाऊक नाही. दाढीच्या ब्रशाविषयी आहे. माझ्या वडिलांचे म्हसळ्याच्या बाजारात केशकर्तनालय आहे. पहिल्या वर्षाच्या प्रवेश अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी नुसतेच ‘धंदा’ असे लिहिले होते. तेव्हा हा लेख म्हणजे त्या अर्जाची दुरुस्तीही समजावी.

दुकानात नेहमी दिसतो तो नायलॉनचा ब्रश. दुसरा डुकराच्या राठ केसांचा. तो नवा असताना टोचतो, पण वापराने केसांची टोके फाटत जातात आणि तो मऊ पडतो. सर्वांत महाग तो बॅजरच्या केसांचा. बॅजर हा बिळात राहणारा प्राणी. ब्रशासाठी त्याचे केस मुख्यतः चीनमधून येतात. आपल्याकडचे चांदी अस्वल हे त्याच्याच कुळातले, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे. मुंगसाच्या केसांचे चित्रकलेचे ब्रश विकणेही याच कायद्याने गुन्हा आहे, हे चित्रे काढणाऱ्या मित्रांनी ध्यानात ठेवावे.

बॅजरच्या केसाचे टोक निमुळते असते व ब्रश बनवताना ते कापत नाहीत. लांबी जुळवायची ती मुळाकडून. म्हणून तो गालाला मऊ लागतो. शिवाय तो पाणी भरपूर धरतो, त्यामुळे थोड्या साबणात दाट फेस होतो. नव्या ब्रशाला प्रथम जनावराचा वास येतो. साबणाचा फेस करून रात्रभर तसाच ठेवला नि सकाळी धुतला, असे दोनतीनदा केले की वास जातो. सुरुवातीला चारदोन केस गळतात, त्याने घाबरू नये.

बाबांकडे असा एक ब्रश आहे. जहाजावर नोकरीला असलेल्या एका चाचांनी तो परदेशातून आणून दिला. त्यांची दाढी माझ्या आजोबांपासून आमच्याच दुकानात होते. मी नववीत असताना, उकळल्याने जंतू मरतात हे विज्ञानाच्या पुस्तकात नुकतेच वाचले होते. एका रविवारी बाबांना चकित करावे म्हणून तो ब्रश पातेल्यात घालून मी चांगला पाच मिनिटे उकळला. बाहेर काढला तर मूठ एका हातात नि झुबका दुसऱ्या हातात! बाबा काही बोलले नाहीत. झुबका हळूच पिळून त्यांनी खिडकीत वाळत ठेवला. ते बोलले असते तर बरे झाले असते.

झाले ते असे. झुबका मुठीच्या खाचेत चिकटद्रव्याने बसवलेला असतो आणि उकळत्या पाण्यात ते सैल होऊ शकते. केस हा केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा. फार उष्णतेने त्याचा चिवटपणा जातो, टोके वळतात. हाताला सोसेल इतकेच पाणी ब्रशाला सोसते. आठ दिवसांनी, पूर्ण वाळल्यावर, बाबांनी खाच खरवडून अ‍ॅरल्डाइटने झुबका पुन्हा बसवला. तो जरा तिरपा बसला आहे.

रोजची निगा सोपी आहे. दाढी झाल्यावर कोमट पाण्यात फेस निघेपर्यंत धुवावा, मुठीत हलके दाबून पाणी काढावे, दोनतीन झटके द्यावेत आणि पंचावर अलगद फिरवावा. केस ओढून पिळू नयेत. दाढी करतानाही ब्रश गालावर दाबून पसरवणाऱ्यांचे केस मुळाशी तुटतात. पाण्यात क्षार असले की साबणाशी मिळून त्यांचा पांढुरका थर केसांच्या बुडाशी बसतो, मग ब्रश कडक होतो नि फेस धरीत नाही. खाडीकडच्या विहिरीचे मचूळ पाणी वापरणाऱ्यांना हा अनुभव असेल. वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर पांढरा व्हिनेगर घालून त्यात पाच मिनिटे केस बुडवले, की थर सुटतो. नंतर साध्या पाण्याने धुवावा. मूठ लाकडी असेल तर ती भिजू देऊ नये.

आमच्या भागात खरा शत्रू पावसाळा. चार महिने हवाच ओली. ओला ब्रश डबीत किंवा कपाटात बंद केला की बुरशी धरलीच. तो उभा ठेवावा की उलटा टांगावा यावर गिऱ्हाइके वाद घालतात. बाबांच्या मते वारा लागल्याशी कारण. जूनपासून आमचा ब्रश झरोक्याला दोरीने टांगलेला असतो. बरेच दिवस वापरायचा नसेल तर पूर्ण वाळवून, कागदात कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवावा, कारण कसर लोकर खाते तसेच हे केसही खाते.

असा चांगला ब्रश बाबा दुकानात का वापरीत नाहीत, असे मी एकदा विचारले होते. केसाचा ब्रश उकळता येत नाही, आणि जो उकळता येत नाही तो दहा गालांवरून फिरवू नये, असे ते म्हणाले. दाढीतले गजकर्ण अशा ब्रशातून एकाचे दुसऱ्याला होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत तर घोड्याच्या केसांच्या ब्रशांमधून काळपुळी होऊन माणसे दगावली. नीट निर्जंतुक न केलेल्या केसांत रोगाचे बीज होते. १९२० साली ब्रिटनने जपानी दाढीच्या ब्रशांची आयातच बंद केली. हे मी ग्रंथालयात वाचून बाबांना सांगितले, तेव्हा त्यांनी दुकानातले दोन जुने ब्रश त्याच दिवशी टाकून दिले. आता दुकानात नायलॉनचे ब्रश असतात, तेही प्रत्येक गिऱ्हाइकानंतर साबणाने धुऊन जंतुनाशकात बुडवतात. बॅजरचा ब्रश फक्त बाबांच्या स्वतःच्या दाढीला, तोही रविवारी.

चाचा आता नोकरीतून निवृत्त होऊन गावी आले आहेत. दुकानात आले की आधी झरोक्यातला ब्रश काढून वास घेतात, अंगठ्याने केस उलगडून पाहतात. तो तिरपा कसा झाला, हे बाबांनी त्यांना अजून सांगितलेले नाही.